घर चार-पाच फूट उचलायचं आहे, उंचीची अट आडवी येऊन राहिली. कोणी परवानगी काढली आहे का?

लाखोळी | १२ जानेवारी, रात्री ९.४०

राम राम मंडळी. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांच्या टेबलावर माझी फाईल पडून आहे ते रोज सकाळी त्याच टपरीवर चहाला येतात. आधी ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत आहे.

घर २००६ चं. विटांच्या भिंती, त्यावर स्लॅब, वर एक मजला. २९ ऑगस्ट २०२० ला वरून मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी आलं, गोसीखुर्द धरणाची तेहतीसच्या तेहतीस दारं उघडली, आणि पहाटेपर्यंत घरात दोन फूट पाणी. खायच्या तांदळाची सात पोती होती, तीन वर नेली, चार भिजली. पाणी उतरल्यावर आईनं चुलीतला कोळसा घेऊन स्वयंपाकघराच्या भिंतीवर, पाण्याची खूण होती तिथं रेघ मारली. त्यानंतर दोनदा रंग दिला, पण रेघेला हात लावू देत नाही.

त्यात समोरचा रस्ता दोनदा सिमेंटचा झाला. जुना न खोदता त्याच्यावरच नवा. जोतं रस्त्याच्या दोन फूट वर होतं, आता जेमतेम अर्धा फूट उरलं. म्हणजे नदी राहू द्या, साध्या झडीतही ओसरीत पाणी.

म्हणून घर जॅकवर उचलून पाच फूट वर घ्यायचं ठरवलं. गावातल्या इंजिनीअरकडून नकाशे काढून अर्ज टाकला. तो 'त्रुटीपूर्ततेसाठी परत' आला. कारण असं की आमच्या ले-आऊटच्या अकृषक आदेशात (शेतजमिनीवर घरं बांधू देणारा महसूलचा आदेश) अट आहे: तळमजला अधिक एक, उंची ८ मीटरपर्यंत. आत्ता स्लॅबच्या माथ्यापर्यंत ७ मीटर भरते, उचलल्यावर साडेआठ. वरून त्या साहेबांनी गच्चीवरचं टिनाचं शेडही मोजलं, तिथं आकडा पार पावणेअकराला गेला. मी एक वीटही वाढवून नाही राहिलो, तेच घर वर जाणार. हे बांधकाम कसं होते? कोणी या भानगडीतून गेलं असेल तर सांगा.


कडूलिंब | १२ जानेवारी, रात्री १०.१५

उचला न बाप्पा रातोरात. विचारलं म्हणून नाही म्हणाले. आमच्या इकडे तीन घरं उचलली, कोणी कागद मागतला नाही.


बारनिशी | १३ जानेवारी, सकाळी ७.०५

कडूलिंब यांचा सल्ला कृपया घेऊ नका. मी तीस वर्षं नगरपालिकेच्या आवक-जावकपासून बांधकाम शाखेपर्यंत सगळ्या खुर्च्यांवर बसलो आहे. कोणी कागद मागत नाही ते शेजाऱ्याशी वाजेपर्यंत. एकदा तक्रार आली की प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ५३ ची नोटीस निघते. मग तुम्ही परवानगी मागणारे राहत नाही, अनधिकृत बांधकामवाले होता. शिवाय लाखोळी यांनी अर्ज टाकलेलाच आहे. आता न विचारता उचललं तर 'माहीत असून केलं' असं त्याच फाईलवर लिहून येईल.

आता कामाचं. 'त्रुटीपूर्ततेसाठी परत' म्हणजे नकार नव्हे, ही गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. नकार मिळाला तर कलम ४७ खाली ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येतं. त्रुटीच्या पत्रावर अपील होत नाही, म्हणून बरेचदा त्रुटीच काढतात. कोणी वाईट नसतं, निर्णयाची जबाबदारी नको असते इतकंच. तुम्ही त्रुटीला लेखी उत्तर द्या, बारनिशीचा, म्हणजे आवक शाखेचा, शिक्का घ्या आणि 'अटीतून सूट द्यावी अथवा कारणांसह लेखी आदेश द्यावा' असं शेवटच्या ओळीत लिहा.

६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजता येतं, असं कोणी सांगेल. कलम ४५ मध्ये ते आहे खरं, पण नियमात बसणाऱ्या प्रस्तावाला. तुमचा बसत नाही, म्हणून त्या भरवशावर जॅकवाल्याला इसार देऊ नका.


ओळंबा | १३ जानेवारी, सकाळी ११.३०

स्थापत्य अभियंता, नागपूर. दोन-तीन गोष्टी सुट्या करतो, कारण फाईल त्यांच्याच गुंत्यात अडकली आहे.

पहिलं, टिनाचं शेड. ते मंजूर नकाशात आहे का? नसणारच, आपल्याकडे स्लॅब गळायला लागला की शेड टाकतात आणि विसरून जातात. उंची मोजताना तोच सगळ्यात वरचा बिंदू दिसतो. शेड काढायची तयारी अर्जातच लिहून द्या, सव्वादोन मीटरचं भांडण तिथंच मिटेल.

दुसरं, उंची कुठून मोजायची. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीत उंची इमारतीभोवतीच्या जमिनीच्या सरासरी पातळीपासून धरतात. रस्त्यापासून नाही. रस्ता वाढला तो तुमच्यावर अन्याय आहे हे मान्य, पण 'रस्त्यापासून मोजा म्हणजे आम्ही बसतो' हा युक्तिवाद टिकणार नाही.

तिसरं आणि खरं महत्त्वाचं. तुमचा प्लॉट निळ्या रेषेच्या आत आहे, की निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये? निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा १०० वर्षांतून एकदाची. निळ्याच्या आत नवं बांधकाम निषिद्ध. निळ्या-लालच्या मध्ये बांधता येतं, पण बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर हवं. नगरपंचायत तुम्हाला 'यापेक्षा वर जाऊ नका' म्हणते. दुसरा नियम 'यापेक्षा खाली राहू नका' म्हणतो. दोन्ही आकडे एका कागदावर आणा. पाच फूट हा आकडा कुठून आला?


लाखोळी | १३ जानेवारी, दुपारी १.५०

पाच फूट मीच ठरवले. पाणी दोन फूट होतं, म्हटलं दुप्पट घेऊ अन् वर एक. शेड नकाशात नाही हे खरं आहे. ते मोडायचं म्हटलं तर आई म्हणते वाळवण कुठं घालू.


ओळंबा | १३ जानेवारी, दुपारी २.२०

तीच चूक. तुमची पाच फुटांची मागणी फाईलवर 'हौस' दिसते. तोच आकडा जलसंपदा विभागाच्या पूररेषेच्या पातळीतून काढला तर ती 'गरज' होते. आधी पातळ्या घ्या.


वणाकाठ | १३ जानेवारी, रात्री ८.१०

मी हिंगणघाटचा. आमचं घर उचललं आहे, साडेतीन फूट. परवानगीचं वरचे लोक सांगतीलच, मी उचलताना काय होतं ते सांगतो. यूट्यूबवर जे दाखवतात ते अर्धंच असतं.

हरियाणाचे पोट्टे होते, अठरा जण. पहिले आठ दिवस नुसतं खोदणं. भिंतीच्या खाली थोडी थोडी वीट काढायची, लोखंडी चॅनल सरकवायचा, त्याखाली जॅक. नऊशे फुटाच्या घराला दीडशेच्या वर जॅक लागले. मग त्यांचा म्होरक्या मधल्या खोलीत उभा राहून हाक देतो, आणि एका हाकेला सगळे आपापला दांडा तेवढाच फिरवतात. दिसत काहीच नाही. संध्याकाळी उंबरठ्याखालून उजेड दिसला तेव्हा बायको रडायलाच लागली. चारही कोपऱ्यांत लेव्हलची नळी बांधून ठेवली होती, दर हाकेनंतर पाणी बघायचे.

आता जे कोणी सांगत नाही ते. भिंती वर जातात, फरशी वर येत नाही! भिंतींवरच्या घरात फरशी जमिनीवर नुसती टेकलेली असते, ती खड्ड्यात तशीच राहते. मग आत मुरूम भरा, पाणी मारून कुटा, नवी फरशी टाका. दारं उचलल्यावर चार दिवस नीट लागत नव्हती. संडासाचा पाइप तुटतो, टाकीची जोडणी नव्यानं करावी लागते. आमच्या घरी एक भेग पडली, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यात तिरपी, वीतभर. ठेकेदार म्हणाला ही आधीचीच आहे. म्हणून उचलायच्या आधी एकेका भिंतीचे तारखेसकट फोटो काढा.


लाखोळी | १३ जानेवारी, रात्री ८.४५

मला दर सांगितला तो असा: तीन फुटापर्यंत चौरस फुटाला २६० रुपये, पुढच्या प्रत्येक फुटाला ६०. तळमजला ९५० फूट. चार फुटाचे ३ लाख ४ हजार होतात. तुम्ही म्हणता ते मुरूम, फरशी, पायऱ्या धरून किती होईल?


वणाकाठ | १३ जानेवारी, रात्री ९.०५

दुपटीच्या वर धरा. तुमच्या आतल्या खोल्या साडेसातशे फूट धरल्या तरी चार फूट भर म्हणजे तीस ब्रास मुरूम (शंभर घनफुटांचा एक ब्रास). त्याची रॉयल्टीची पावती ट्रॅक्टरवाल्याकडून मागून घ्या, नाहीतर तलाठी तुमच्या दारात उभा.


सांदवाडी | १४ जानेवारी, सकाळी १०.००

सगळे मीटर अन् ब्रास बोलून राहिले. आईचं वय काय हो लाखोळीभाऊ? जोतं आधीच दोन फूट, त्यात चार. सहा फूट चढायला सहा इंचाच्या बारा पायऱ्या होतात. माझ्या सासूबाईंना चार पायऱ्यांची ओसरी होईना, म्हणून त्यांची बाज खाली छपरीत आणली. तुम्ही पुरापासून वाचवलेल्या घरात आईला चढताच नाही आलं तर काय करता?


लाखोळी | १४ जानेवारी, सकाळी १०.४०

ताई, आई त्र्याहत्तर. टोंगळे दुखतात. तिला विचारलं तर म्हणाली, 'बारा पायऱ्या रोज चढीन, पण रात्री दोन वाजता पाण्यातून खाट उचलायला मले सांगू नोको.'


ओळंबा | १४ जानेवारी, दुपारी १२.१५

सांदवाडींचा मुद्दा नकाशातही येतो. बारा पायऱ्या बाहेर काढल्या तर तीन मीटर लांबी जाते, म्हणजे समोरची मोकळी जागा पायऱ्यांनी खाल्ली आणि दुसरी त्रुटी तयार. मध्ये चौथरा देऊन बाजूला वळवा. चाकाच्या खुर्चीसाठी बारास एक असा उतार म्हणाल तर १.८ मीटरला साडेएकवीस मीटर लांबी लागते, ते प्लॉटमध्ये होणार नाही. दोन्ही बाजूंनी कठडा आणि रुंद पायरी, एवढंच हाती आहे.

समोरून वीजेची लाइन जाते का तेही बघा. ११ केव्हीची तार असेल तर आडवं अंतर १.२ मीटर आणि उभं ३.७ मीटर सुटायला हवं. घर वर गेलं की तार आपोआप जवळ येते.


भाचा_ब्रिस्बेन | १५ जानेवारी, पहाटे ४.३०

आजोळ पवनी, नोकरी ब्रिस्बेनला. इथं हे काम इतकं सर्रास चालतं की त्याच्यासाठी वेगळ्या कंपन्या आहेत. जुनी घरं लाकडाची, मुळातच खांबांवर उभी, म्हणून उचलायला हलकी. तुमच्या विटांच्या घराशी तुलना नको. पण परवानगीचं भांडण हुबेहूब तेच! कमी दाटीच्या निवासी भागात इथल्या कौन्सिलची मर्यादा साडेनऊ मीटर आणि दोन मजले. त्याच्या आत राहिलात तर सोपं, वर गेलात की वेगळा अर्ज, शेजाऱ्यांच्या हरकती, सगळं. २०११ ला नदी ४.४६ मीटरला आली होती, २०२२ ला ३.८५ ला. २०२२ नंतर घर उचलायला सरकारनंच रेझिलियंट होम्स फंड म्हणून पैसे दिले. इथले सल्लागारही ओळंबा म्हणतात तेच सांगतात, आधी पुराची पातळी कागदावर आणा, उंचीचं नंतर बोला.


कडूलिंब | १५ जानेवारी, सकाळी ९.२०

तिकडे सरकार पैसे देते, इकडे त्रुटी देते. खरं सांगू का, नदीकाठी घर उचलून काय होते. मोवाड आठवते का कोणाला? ३० जुलै १९९१, वर्धा नदी, २०४ माणसं गेली. मग गाव उठवून दुसरीकडे बसवलं. उचलायचं तर गाव उचला.


बारनिशी | १५ जानेवारी, सकाळी १०.०५

मोवाडचा पूर मी विसरलेलो नाही, त्या आठवड्यात आम्ही नरखेडला होतो. पण पुनर्वसन सरकार ठरवतं, लाखोळी नाहीत. त्यांच्या हातात एक घर आणि एक अर्ज आहे.


पर्लकोटा | १६ जानेवारी, संध्याकाळी ६.३०

भामरागडकडून. आमच्याकडे दरवर्षीच पाणी. माझा भाऊ खेड्यात राहते, तिथं ग्रामपंचायत आहे. त्याला पण हेच सगळं लागते का?


बारनिशी | १६ जानेवारी, संध्याकाळी ७.१५

गावठाणात लहान घराचं बरंच सोपं आहे. साधारण १६०० चौरस फुटापर्यंत मालकीचे कागद आणि नकाशे ग्रामपंचायतीला देऊन, त्यापुढे ३२०० पर्यंत ग्रामपंचायतीच्या बांधकाम परवानगीनं काम होतं. पूररेषेचा नियम मात्र सुटत नाही.


लाखोळी | २६ फेब्रुवारी, रात्री ९.१०

मंडळी, सव्वा महिना गायब होतो, पण पळत होतो.

पूररेषेच्या पातळीचं पत्र मिळालं. चार चकरा. पहिल्या चकरेत 'नकाशा मोठ्या ऑफिसात आहे', दुसऱ्या चकरेत मोठ्या ऑफिसात 'तो तर खाली पाठवला'. शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला आणि तिसाव्या दिवसाच्या आधीच फोन आला. प्लॉट निळ्या आणि लालच्या मध्ये आहे. हुश्श.

मग नागपूरहून लेव्हल घेणारा पोट्टा आणला. आमच्या जमिनीची सरासरी पातळी धरून लाल रेषा १.३५ मीटरवर येते. आईची कोळशाची रेघ १.२० वर. म्हणजे २०२० चं पाणी लाल रेषेच्या अर्धा फूट खालीच होतं! तो पोट्टा रेघेपाशी मोजायची उभी पट्टी धरून उभा, आई मागून म्हणते, 'सरळ धर रे, मी सरळच मारली होती.'

आता गणित: १.३५ अधिक ०.४५ म्हणजे जोतं १.८० वर हवं. आत्ता ०.६० आहे. उचलायचं १.२० मीटर, चार फुटाला पाऊण इंच कमी. उंची होते ८.२०. अट ८.००. वीस सेंटिमीटरनं अडलो.


ओळंबा | २६ फेब्रुवारी, रात्री ९.५०

वा! यापेक्षा चांगली फाईल मी पाहिली नाही. पाहा, वरचा नियम ८.०० च्या खाली राहायला सांगतो, खालचा नियम पाळला की ८.२० होतात. तुम्ही काहीही करा, एक तरी मोडणारच. नियमावलीत अशाच अवस्थेसाठी शिथिलतेची तरतूद आहे. अडचण खरी आणि सिद्ध करता येण्यासारखी असेल तर, आणि सुरक्षिततेला धक्का लागत नसेल तर, प्राधिकरण लेखी परवानगीनं मोजमापात सूट देऊ शकतं. चटईक्षेत्रात, म्हणजे एकूण बांधलेल्या क्षेत्रफळात, सूट नाही. तुमचं चटईक्षेत्र एक इंचही वाढत नाही, हे ठळक लिहा.


कडूलिंब | २७ फेब्रुवारी, सकाळी ८.००

वीसच सेंटिमीटर न? आवारात आठ इंच मुरूम पसरवून टाका. जमिनीची सरासरी वर, उंची आपोआप आठ. झालं!


ओळंबा | २७ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

डोकं भारी आहे तुमचं, पण नाही. आवारात भर टाकली की पुढच्या पुरात तेवढं पाणी शेजारच्या घरात. लाल रेषेच्या आत भराव करणं म्हणजे पूर दुसऱ्याच्या दारात लोटणं. आतल्या खोल्यांत भर टाकणं वेगळं, तिथं फक्त घराचा ठसा आहे. शिवाय तुमची कन्हार माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर मुरूम पसरला तर दुसऱ्या वर्षी ओसरीची फरशी ढोलासारखी वाजेल.


लाखोळी | २७ फेब्रुवारी, दुपारी ३.००

मुरूम नाही टाकत. आधीच उत्तरेकडच्या काकूंनी हरकत टाकली आहे. दोन मुद्दे. एक, आमच्या खिडकीतून त्यांचं न्हाणीघर दिसेल. दोन, हिवाळ्यात त्यांच्या अंगणात ऊन येणार नाही, कुरड्या-पापड कुठं वाळवायचे. तीस वर्षांचा शेजार आहे, पुरात त्यांची म्हैस आमच्या जिन्यावर बांधली होती.


ओळंबा | २७ फेब्रुवारी, दुपारी ४.१५

उन्हाचं मोजून सांगता येतं. भंडाऱ्याचा अक्षांश २१ च्या थोडा वर. डिसेंबरच्या शेवटी दुपारी सूर्य साधारण ४५ अंशांवर असतो, म्हणजे घर जितकं वर जाईल तितकीच सावली पुढे सरकते, १.२० मीटर. कुरड्या तर उन्हाळ्यात करतात, तेव्हा सूर्य डोक्यावर असतो. खिडकीला मात्र काकू बरोबर आहेत. त्या बाजूच्या खिडकीचा खालचा भाग पक्का करा किंवा दुधी काच लावा आणि सुनावणीच्या आधी स्वतः जाऊन सांगा.


सांदवाडी | २७ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.००

काच-बीच नंतर. आईला पाठवा काकूंकडे. तुम्ही गेलात की हरकत, आई गेली की चहा.


लाखोळी | १९ मार्च, रात्री १०.२०

आईला पाठवलं. काय बोलणं झालं माहीत नाही, दोघी दोन तास बसल्या होत्या. काकूंनी हरकत मागे नाही घेतली, पण तिच्या खाली लिहून दिलं: 'दुधी काच लावल्यास आणि आवारात भर न टाकल्यास आमचे काही म्हणणे नाही.' साहेबांना हे हरकत मागे घेण्यापेक्षा जास्त आवडलं, कारण त्यांना अट घालायला आयतं मिळालं.

सुनावणीत दुसरीच पाचर निघाली. अट अकृषक आदेशातली, तेव्हा ती महसूलनं काढावी असं नगरपंचायत म्हणे. महसूलवाले म्हणे गाव आता नगरपंचायतीत, बांधकामाचं तेच बघतील. टपरीवर दोघं एकाच बाकावर बसतात, पण माझी फाईल एकाकडून दुसऱ्याकडे.


बारनिशी | २० मार्च, सकाळी ६.५०

आता एकच करा. दोन्ही कार्यालयांना एकाच तारखेचं, एकाच मजकुराचं पत्र द्या आणि प्रत्येक पत्राच्या खाली दुसऱ्याला प्रत असं लिहा. 'सदर क्षेत्रासाठी नियोजन प्राधिकरण कोण, हे लेखी कळवावे' एवढंच विचारा. लेखी उत्तरात आजच्या प्राधिकरणाचंच नाव येईल, दुसरं येऊ शकत नाही. तोंडी दहा जण टोलवतील.


लाखोळी | २८ मे, संध्याकाळी ७.३०

मिळाली. शिथिलता ०.२० मीटर, उंची ८.२०, मुख्याधिकाऱ्यांची सही, नगररचनेचा अभिप्राय जोडून. अटी: शेड आधी काढणे (काढलं, आई दोन दिवस बोलली नाही), उत्तरेच्या खिडक्यांना दुधी काच, आवारात भराव नाही, पायऱ्या नकाशाप्रमाणे, संरचना अभियंत्याचं स्थैर्य प्रमाणपत्र उचलण्याआधी आणि नंतर. बारनिशीकाका, तुमचं पत्र दोन्हीकडे गेल्यावर बारा दिवसांत उत्तर आलं.

पण जॅकवाला म्हणतो आता नाही. मृग तोंडावर, ओल्या कन्हारीत जॅक बसवणार नाही. धान निघाल्यावर, डिसेंबरात. म्हणजे हा एक पावसाळा तसाच. पोती आतापासून वर नेऊन ठेवली.


वणाकाठ | २८ मे, रात्री ८.००

बरोबर सांगतो तो. घाई केली असती तर मी त्याला ठेकेदारच म्हटलं नसतं. तोवर संडासाच्या पाइपला उलटं पाणी अडवायची झडप बसवून घ्या, पुरात आधी तिथूनच येते.


ओळंबा | २८ मे, रात्री ९.४०

अभिनंदन. एक राहिलं. तुमच्या आईची रेघ भिंतीवर आहे. भिंत १.२० मीटर वर गेली की रेघही वर जाणार. दहा वर्षांनी कोणी मोजलं तर २०२० चं पाणी चार फूट जास्त दिसेल. उचलायच्या आधी ती पातळी न हलणाऱ्या जागी उतरवून ठेवा.


लाखोळी | २९ मे, सकाळी ७.१५

रात्री आईला सांगितलं. आधी म्हणाली, 'रेघ वर गेली तं पाणी पण वरच आलं असं लोक समजतील, बरं आहे, घाबरून राहतील.' मग सकाळी उठून विहिरीपाशी उभी. कठड्यावर पातळी उतरवून घेतली, लेव्हलवाल्या पोट्ट्याला पुन्हा बोलावलं. यावेळी कोळसा नाही, छिन्नीनं खोदली. काकूही आल्या होत्या बघायला. म्हणाल्या, त्यांच्याकडे पाणी बोटभर जास्त होतं.